बिनपगारी शिपाई

गणवेश अंगावर चढवण्यामागे मनुष्याचा सर्वसाधारण हेतू असा असतो, की जो आपल्याला चेहऱ्यावरून ओळखत नाही त्याने निदान बिल्ल्यावरून, पट्ट्यावरून किंवा फेट्याच्या तुऱ्यावरून तरी ओळखावे. आणि म्हणूनच कचेरीतल्या पट्टेवाल्यापासून सरसेनापतीपर्यंत प्रत्येकजण आपल्या पोशाखावरचे पितळ घासूनपुसून लखलखीत ठेवीत असतो. परंतु अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या उपनगरांत गेल्या काही दशकांत मनुष्याचा एक असा प्रकार उदयास आला आहे, की जो महिनोन्महिन्यांच्या रात्री, मोटार ठेवण्याची खोली, पेढीतली शिल्लक आणि पत्नीची सहनशीलता या सर्वांचा होम करून एक पोशाख सिद्ध करतो, तो केवळ एवढ्यासाठी, की तो चढवल्यावर आपल्याला प्रत्यक्ष जन्मदात्रीनेही ओळखू नये. हा मनुष्य म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या दुष्ट साम्राज्याचा शुभ्र कवचधारी शिपाई, अर्थात स्टॉर्मट्रूपर, होऊ घातलेला गृहस्थ होय.

एरवी हा गृहस्थ विमा कंपनीत हिशेब लिहितो, शाळेत भूगोल शिकवतो किंवा दवाखान्यातली यंत्रे दुरुस्त करतो. स्वभावाने तो इतका निरुपद्रवी असतो, की शेजाऱ्याचे कुत्रे आपल्या हिरवळीवर आले तरी आधी कुत्र्याचीच क्षमा मागेल. त्याला वेषच घ्यायचा होता तर त्या चित्रपटात नायकही आहे, आणि नायकाचा पोशाख म्हणजे एक सैलसर अंगरखा, एक कमरपट्टा आणि एक जोडी बूट, एवढाच असल्यामुळे शिवणयंत्र चालवणाऱ्या माणसाला तो एका संध्याकाळचा उद्योग आहे. पण ही सोपी वाट त्याला नामंजूर असते. तो वरतो तो असा शिपाई, की ज्याचा नेम संबंध चित्रपटभर बहुधा चुकतच राहतो, ज्याला नाव नसून क्रमांक असतो, आणि ज्याच्या पलटणीतल्या एकाचे डोके दारातून आत शिरताना चौकटीवर आपटल्याचे दृश्य १९७७ सालच्या मूळ चित्रपटात तसेच राहून गेले आहे. निर्मात्यांनी तो प्रमाद पुढेही झाकला नाही; २००४ सालच्या आवृत्तीत त्या ठिकाणी ठोकर लागल्याचा आवाज मुद्दाम घालून त्याच्यावर जणू सरकारी शिक्कामोर्तब केले. आमच्या गृहस्थाला या शिपायाविषयी जी ममता वाटते ती कोणत्याही विजयी वीराविषयी वाटत नाही.

मराठेशाहीत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार दोन्ही आपल्या पदरचे आणी, आणि त्याबद्दल त्याला पगारही अधिक असे. या हिशेबाने पाहता आमचा गृहस्थ अस्सल शिलेदार ठरतो. फरक इतकाच, की त्याचे साम्राज्य त्याला कवडीही देत नाही, आणि ते साम्राज्य मुळात अस्तित्वातच नाही.

त्याच्या तावडीत कोणी श्रोता सापडला, तर प्रथम त्याला कवचाची वंशावळ ऐकावी लागते. राल्फ मॅक्वारी यांनी चित्रे रेखाटली, शिरस्त्राण लिझ मूर यांनी मातीत घडवले, अंगावरच्या कवचाचे मातीकाम ब्रायन म्यूर यांनी केले, आणि लंडनमधल्या ट्विकनहॅम येथे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी त्या आकारांवर तापलेले प्लास्टिकचे पत्रे निर्वात यंत्राने ओढून सैन्य उभे केले, ही नामावळी तो कुळकर्ण्याने वतनाचा तक्ता वाचावा तशी एका दमात म्हणून दाखवतो. वेषभूषेचे प्रमुख जॉन मोलो हे मुळात लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे अभ्यासक. या कामाबद्दल त्यांना १९७८ साली ऑस्कर मिळाले. दुसरे मिळाले ते १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटासाठी, आणि ते आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्याबरोबर विभागून. एका चित्रपटात मनुष्याची नखाएवढीही त्वचा दिसू न देणाऱ्या माणसाचे नाव दुसऱ्या चित्रपटात पंचा नेसणाऱ्या महात्म्याच्या चरित्राशी जोडले जावे, हा योग मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

वंशावळीनंतर खटल्याचे प्रकरण निघते. जुन्या साच्यांवरून एन्सवर्थ यांनी शिरस्त्राणे करून विकायला आरंभ केल्यावर चित्रपट कंपनीने त्यांच्यावर फिर्याद लावली. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने २००६ साली कंपनीच्या बाजूने २ कोटी डॉलरचा हुकूमनामा दिला. पण इंग्लंडात हे प्रकरण पायरी पायरीने वर चढत २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि स्टॉर्मट्रूपरचे शिरस्त्राण हे शिल्प आहे की नाही, या प्रश्नाचा कीस मोठमोठ्या विधिज्ञांनी पाडला. न्यायालयाचे म्हणणे असे पडले, की कलाकृती असेल तर ती चित्रपट होय. शिरस्त्राण हे तो चित्रपट तयार करण्याच्या कामी आलेले एक साधन, सबब ते शिल्प नव्हे. या निकालाने घरबसल्या कवच करणाऱ्यांचे हित साधले की नाही, याचा विचार आमचा गृहस्थ करीत नाही. त्याला दुःख आहे ते शिल्प न म्हटल्याचे. कारण त्या शिरस्त्राणाच्या भुवईचा उतार बरोबर साधावा म्हणून ज्याने रात्रीमागून रात्री घालवल्या, त्याच्या दृष्टीने ग्रीक देवतांची मूर्तिकला ही या विषयाची केवळ पूर्वपीठिका आहे.

प्रत्यक्ष कार्यास प्रारंभ होतो तो एका प्रचंड खोक्याच्या आगमनाने. त्यात पांढऱ्या एबीएस प्लास्टिकचे ओबडधोबड साचेबंद तुकडे असतात, आणि त्यांच्या कडेचा फालतू पत्रासुद्धा अद्याप कापलेला नसतो. दंडाचा तुकडा कोणता, मनगटाचा कोणता आणि मांडीची उजवी बाजू कोणती, हे निश्चित करण्यात पहिला आठवडा जातो. पुढचा आठवडा पहिली कातर चालवण्याचे धैर्य गोळा करण्यात जातो, कारण कापलेले पुन्हा वाढत नाही, हे सत्य वडीलधाऱ्यांनी त्याच्या मनावर पुरेपूर बिंबवलेले असते. मग तो रेघ मारतो, ती पुसतो, पुन्हा मारतो, धारदार पात्याने ओरखडा काढून पत्रा कटकन मोडतो आणि कानस व पॉलिशपेपर घेऊन कडा घासत बसतो. घराच्या प्रत्येक कानाकोपऱ्यात पांढरा भुगा पसरतो. कापलेल्या चिंध्याही तो फेकू देत नाही. त्या बरणीत घालून ॲसिटोनमध्ये विरघळवल्या की फटी बुजवण्याचे उत्तम लुकण तयार होते, आणि ती बरणी स्वयंपाकघरातून हलवण्याविषयी पत्नीने केलेला अर्ज दीर्घकाळ विचाराधीन राहतो.

त्यानंतर चिकटवण्याचे पर्व. हातापायांचे तुकडे दोन दोन अर्धुकांचे असतात. ती कडेला कड लावून जोडायची आणि सांध्यावरून एक अरुंद पट्टी बसवायची, असा शिरस्ता आहे. या पट्टीची रुंदी हातावर किती, पायावर किती, पुढून किती आणि मागून किती, याविषयी धर्मशास्त्राइतके वचनबाहुल्य आढळते. गोंद वापरायचा तो दिवसदिवस सुकणारा. कारण तो हळू धरतो आणि सांधा चुकला तर उकलून पुन्हा जोडू देतो, आणि ही सवलत आयुष्यातल्या इतर थोड्याच सांध्यांना उपलब्ध आहे. सुकेपर्यंत तुकडा शिकंज्यांनी आणि लोहचुंबकांनी आवळून ठेवावा लागतो. त्यामुळे घरातला कपडे वाळत घालण्याचा एकूणएक चिमटा आणि फ्रिजच्या दारावरचे एकूणएक चुंबक सैन्यात सक्तीने भरती होते, आणि मुलांच्या शाळेचे वेळापत्रक खाली गळून पडते.

परंतु या सर्व अवस्थांत कठीण अवस्था अंगाला बेतण्याची. चित्रपटातला शिपाई सडपातळ. आमच्या गृहस्थाचे मध्यवय मात्र मध्यभागीच साठलेले असते. पोटाचा पत्रा आणि कमरेचा पत्रा यांची बगलेत गाठ पडायची, तिथे चार बोटांची खिंड राहते. या खिंडीविषयी दोन संप्रदाय आहेत. पहिला म्हणतो, पत्र्याला जोड देऊन पोशाख वाढवावा. दुसरा म्हणतो, आहार आवरून मनुष्य घटवावा. आमचा गृहस्थ तत्त्वतः दुसऱ्या संप्रदायाचा अनुयायी असून व्यवहारात पहिल्याचा अवलंब करतो. पुढे छातीला पाठ, पाठीला कंबर आणि कमरेला मांड्या अशा रीतीने सारा देह इलॅस्टिक, नाड्या आणि टिचबटणे यांनी एकमेकांत ओवला जातो. कुठे एक बटण सुटले की मांडीचा पत्रा सरसर घोट्यावर उतरतो, आणि कुठे जास्त घट्ट झाले की दोन पत्र्यांच्या फटीत सापडलेली कातडी असा काही चिमटा घेते, की दुष्ट साम्राज्याच्या शिपायाच्या मुखातून सद्गतीला गेलेल्या आजीचे नाव बाहेर पडावे.

सर्व सिद्ध झाल्यावर मंजुरीसाठी दप्तर रुजू करावे लागते. अल्बिन जॉन्सन यांनी १९९७ साली साउथ कॅरोलायनात ‘५०१वी लीजन’ नावाची संघटना उभी केली. तिची ठाणी आणि चौक्या आता जगभर पसरल्या आहेत. अठरा वर्षांच्या आतल्या इसमास तिथे प्रवेश नाही, आणि वरच्या इसमासही पोशाखाची चारी बाजूंनी काढलेली छायाचित्रे पाहून तपासनीस खूश झाल्याखेरीज प्रवेश नाही. हा तपासनीसही बिनपगारीच, आणि बिनपगारी अधिकाऱ्याइतका कडवा अधिकारी जगात दुसरा नसतो. पट्टीचा कोपरा गोल हवा, होल्स्टर डाव्या मांडीकडे हवे, गुडघ्यावरची जाड ढाल डाव्याच पायाला हवी, असे शेरे मारलेले कागद वारंवार परत येतात. एवढ्यावर समाधान न मानता पुढच्या परीक्षा देऊन ‘सेंचुरियन’ ही सर्वोच्च पदवी मिळवणारेही पुष्कळ असतात. यातली खरी गंमत अशी, की मूळ पोशाख तुटपुंज्या पैशात आणि घाईगर्दीत झालेले होते. शिरस्त्राणे दोन्ही अंगांनी सारखी नव्हती आणि त्यांच्यावरच्या बारीक रेघा हाताने, काहीशा वेड्यावाकड्या, ओढलेल्या होत्या. त्या वेळी कोणा कारागिराचा ब्रश जिथे डळमळला, बरोबर तिथेच आपलाही ब्रश डळमळावा म्हणून आमचा गृहस्थ श्वास रोखून बसतो. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची इतक्या काळजीने नक्कल होत असलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

अखेर सनद मिळते, क्रमांक मिळतो आणि स्वारी बाहेर पडते. हातात स्टर्लिंग बंदुकीची प्रतिकृती असते. मूळ चित्रपटात हीच ब्रिटिश बंदूक थोडाफार साज चढवून वापरली होती, आणि तिचीच बहीण कानपूरच्या कारखान्यात तयार होऊन आपल्याकडे कार्बाइन म्हणून नांदली. शस्त्र असे भयंकर असले तरी शिपायाची अवस्था मात्र दयनीय असते. शिरस्त्राणाच्या भिंगांतून समोरचे जेमतेम दिसते, पायाखालचे मुळीच दिसत नाही. श्वासाने भिंगे धुरकटतात म्हणून आत इवलेसे पंखे बसवलेले असतात, त्यांच्या घरघरीमुळे ऐकूही येत नाही. बसता येत नाही, वाकता येत नाही, नाकाला खाज सुटली तर ती ईश्वरार्पण करावी लागते, आणि निसर्गाची हाक आली तर तिला उत्तर देण्यापूर्वी अर्धे साम्राज्य विसर्जित करावे लागते. म्हणून प्रत्येक शिपायाबरोबर साध्या कपड्यातला एक मदतनीस चालतो. पायरी आली की तो ओरडतो, लांब नळीने पाणी पाजतो, सुटलेले बटण लावतो आणि मागून येऊन पाठीवर थापा मारणाऱ्या पोरांना आवरतो. तरीही २००७ सालच्या १ जानेवारीला पासाडेनाच्या रोझ परेडमध्ये, ‘स्टार वॉर्स’चे जनक खुद्द जॉर्ज लुकस प्रमुख पाहुणे असताना, या पलटणीचे सुमारे २०० शिपाई साडेपाच मैल संचलन करीत गेले. आणि ज्याला साडेपाच मैलांत एकदाही बसायचे नाही, त्याचा पराक्रम कमी लेखू नये.

आता कोणी विचारील, की हा सारा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर मुलांच्या इस्पितळात मिळते. ही पलटण तिथे जाते, धर्मादाय निधी गोळा करते आणि त्यातला पैसाही स्वतः घेत नाही. संस्थापकाच्या लहान मुलीला मेंदूचा कर्करोग झाला, तेव्हा तिच्या उशाशी पहारा करायला चित्रपटातल्यासारखा एक यंत्रमानव असावा, अशी इच्छा तिच्या बहिणीने बोलून दाखवली. यंत्रमानव घडवणाऱ्या छांदिष्टांनी तिच्यासाठी गुलाबी रंगाचा एक तयार केला. ती २००५ साली गेली. तो यंत्रमानव मात्र अजून इतर मुलांच्या भेटीला जातो. रुग्णशय्येवरच्या मुलाला विमा कंपनीतल्या कारकुनाला भेटून काडीचा आनंद होणार नाही, हे आमच्या गृहस्थाला पक्के ठाऊक असते. म्हणून तो कारकुनाला घरी ठेवतो आणि शिपायाला पाठवतो. त्या मुलाने दटावले की शिपाई हात वर करून शरण जातो, आणि त्याच्या साम्राज्याचा आणखी एक पराभव बिनबोभाट पार पडतो. माझ्या मते पृथ्वीवरच्या एकंदर सैन्यांत वाढीस उत्तेजन देण्याजोगे सैन्य हे एवढेच आहे.

तेव्हा वाचकहो, परदेशी एखाद्या जत्रेत किंवा मिरवणुकीत असा शिपाई भेटला, तर त्याला खुर्ची देऊ नये, कारण ती त्याच्या उपयोगाची नाही. त्याचे नाव विचारू नये, क्रमांक विचारावा. स्तुती करायचीच तर शौर्याची करू नये, सांध्यांवरच्या पट्ट्यांची करावी. तो दिवसभर त्या आनंदात राहील. आणि जवळच पाण्याची बाटली घेऊन, घामाघूम होऊन उभ्या असलेल्या त्याच्या पत्नीला आधी नमस्कार करावा; कारण छातीची बटणे त्याने लावली असली, तरी पाठीमागची सारी तिने लावलेली असतात.