घरात डिझायनर असल्यावर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सावली गावात माणसाचा धंदा कळायला वेळ लागत नाही. तो धानाची शेती करतो, राइस मिलवर असतो, नोकरीत असतो किंवा ठेके घेतो. यातलं काहीच दिसलं नाही, तर तो राजकारणात आहे असं धरून चालतात. मी सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होतो. त्यामुळे मी काय करतो हे कधी कोणी विचारलं नाही. काही करतो का, एवढीच शंका असे. अशा गावात माझ्या मुलीने इंडस्ट्रियल डिझाइनची पदव्युत्तर पदवी आणली आणि निवृत्तीनंतर मला पहिल्यांदा काम लागलं. ही पदवी कशाची, हे मोहल्ल्याला समजावून सांगण्याचं.

पोरगी नागपूरला इंजिनिअर झाली तोवर अडचण नव्हती. इंजिनिअर पुण्याला जातो आणि पुढे फक्त लग्नाकार्याला येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यानंतर ती मुंबईला पवईच्या आयआयटीत, 1969 साली सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये गेली. आयआयटी म्हटल्यावर आमची मान ताठ व्हायची आणि पुढे डिझाइन म्हटलं की लगेच खाली यायची. ती परत आल्याचं कळताच शेजारच्या वहिनी ब्लाउजपीस घेऊन आल्या. मग एक लग्नपत्रिका आली, किराणा दुकानाची पाटी आली, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू झाला तसं एक बॅनरही आलं. बॅनरवाल्यांची अट साधी होती. सगळे कलाकार, मंडळाचे सगळे सदस्य आणि उद्घाटक यांचे चेहरे अगदी सारख्या आकाराचे हवेत. फक्त उद्घाटकांचा जरा जास्त सारखा.

मी एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं. समोरच्या भाऊंवर ते पहिल्यांदा चालवून पाहिलं.

“का जी, पोरगी करते तरी का?”

“भाऊ, नोटेवर रुपयाचं चिन्ह आहे ना, ते उदयकुमार नावाच्या माणसाने काढलं. 2010 मध्ये सरकारने मंजूर केलं. तो हिच्याच संस्थेत पीएच.डी.ला होता.”

भाऊंनी खिशातली नोट काढून उलटसुलट पाहिली. “मंग सरकारनं का देल्लं त्याले?”

“अडीच लाखांचं बक्षीस.”

“साऱ्या देशाच्या नोटांवर याचं काम, अन् अडीच लाख? एवढ्यात तं आपल्या गल्लीतली नाली नाई होत.”

त्या नालीचं अंदाजपत्रक माझ्याच हाताने जावक झालेलं असल्यामुळे मला पुढे वाद घालता आला नाही.

मग मी स्वतःच थोडा अभ्यास केला. 1958 साली भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याकडून देशातल्या डिझाइनच्या शिक्षणाबद्दल एक अहवाल लिहून घेतला. त्याच्याच आधारावर पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या जोडप्याने देशभर हिंडून सगळ्यात जास्त कौतुक कशाचं करावं? तांब्याचं. भरला असताना तो कसा तोलतो, रिकामा असताना कसा तोलतो, कमरेवर कसा बसतो, धार कशी पडते, हाताला कसा लागतो, अशी सगळी चौकशी त्यात आहे. हा आकार कोणा एकाने काढलेला नाही, पिढ्यानपिढ्यांच्या वापरातून तो घडत आला, असं त्यांचं म्हणणं. वाचून मला गहिवरून आलं. मी जन्मभर सरकारी कागद हाताळले, पण तांब्याचं नाव फक्त डेडस्टॉक रजिस्टरला पाहिलं होतं, आणि तेही ‘आढळून येत नाही’ या शेऱ्यासह.

नोकरी शोधण्याची तिची रीतही माझ्या समजुतीपलीकडची निघाली. आमच्या वेळी अर्ज, दाखले आणि साक्षांकित प्रती जोडल्या की झालं. हिला पोर्टफोलिओ लागतो. त्यात केलेल्या वस्तू तर असतातच, पण फेकून दिलेली रेखाटनं, फसलेले नमुने आणि बदललेले विचारही पानोपानी लावायचे असतात. आमच्याकडे खाडाखोड असलेला कागद परत यायचा. यांच्याकडे खाडाखोड बघूनच मुलाखतीला बोलावतात. बोलावल्यावर आधी एक ‘टेस्ट’ देतात. अमुक एका वस्तूचं नवं डिझाइन करून पाठवा, मग बघू. पोरगी रात्ररात्र जागून ते पाठवायची आणि पलीकडे सामसूम व्हायची. आमच्या कार्यालयात बिनकामाचा पगार निघताना मी पाहिला होता. बिनपगाराचं काम एवढ्या शिस्तीने करून घेतात, हे पहिल्यांदाच पाहिलं.

त्या काळात आमचं घर पुठ्ठ्याने भरलं. खरी वस्तू करण्याआधी पुठ्ठ्याची, थर्माकोलची, मातीची करून बघायची असते. बैठकीत पुठ्ठ्याची एक खुर्ची येऊन बसली. एक दिवस गावातलं एक वजनदार व्यक्तिमत्त्व भेटीला आलं आणि कोणी काही बोलायच्या आत तिच्यावर स्थानापन्न झालं. मी डोळे मिटले. खुर्ची हललीसुद्धा नाही. पुठ्ठ्याच्या नाळी उभ्या ठेवल्या की तो केवढा भार पेलतो, हे पोरीने उत्साहाने समजावून सांगितलं. पाहुण्यांनी शांतपणे ऐकलं, चहा घेतला आणि निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, “पेन्शन सुरू आहे ना जी?”

शेवटी पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. कंपनी मिक्सर करते. मिक्सर म्हटल्यावर आमच्या घरात उत्साह पसरला. मग कळलं की अख्खा मिक्सर नाही, मिक्सरचं फिरवायचं बटण. नव्या माणसाला सुरुवातीला असंच काहीतरी देतात. फोनवर मी कुतूहलाने विचारायचो आणि ती सांगायची. प्लॅस्टिकचा भाग साच्यातून सुटून यायचा असेल तर त्याच्या भिंती अगदी उभ्या ठेवून चालत नाही, अंश-दीड अंश कलत्या ठेवाव्या लागतात. कुल्फीचा साचा निमुळता असतो तो याच कारणाने. जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर जाड जागी प्लॅस्टिक थंड होताना आत ओढलं जातं आणि वरून खळगा दिसतो. साचा पोलादाचा, त्याची किंमत लाखांत. एकदा कापला की मत बदलायची सोय नाही. वरून साहेबांची मागणी अशी की बटण हाताला महाग वाटलं पाहिजे आणि खर्चाला स्वस्त पडलं पाहिजे. पावसाळाभर पोरगी त्या बटणाच्या ‘टक्’ आवाजावर काम करत होती.

हे सगळं तिच्या आईने ऐकून घेतलं आणि फोन स्वतःकडे घेतला. “बटणाले का झालं होतं? बटण चांगलंच आहे. त्या झाकणाचं पाहा ना. वाटण लावलं का वरून हात दाबून धरा लागते. रबर ढिला झाला का सारी भिंत पिवळी. अन् रबर मागाले गेलं तं दुकानदार म्हणते, नवं भांडंच घ्या.”

“आई, झाकण दुसऱ्या टीमकडे आहे.”

नोकरीत असताना ‘ते दुसऱ्या टेबलाकडे आहे’ हे वाक्य मी इतक्या श्रद्धेने वापरलं होतं, की खासगी क्षेत्रातही त्याची प्रतिष्ठा टिकून आहे हे ऐकून मला बरं वाटलं. बायकोला वाटलं नाही. “मंग त्या टीमले सावलीले घेऊन ये. मी सांगतो त्यायले,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

टीम आली नाही, पण पुढच्या रोवण्याला पोरगी सुटी काढून आली. गावाकडच्या बायकांसाठी काहीतरी करायचं तिने मनावर घेतलं होतं. सोबत एक छापील पान होतं. त्यावर एका बाईचा फोटो आणि माहिती: वय 42, अल्पभूधारक, मोबाइल वापरते, कंबरदुखीचा त्रास. डिझायनर लोक काम सुरू करताना असं एक काल्पनिक गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवतात म्हणे. बायकोने पान निरखून पाहिलं. “ही आपल्या गावची नाई,” एवढं बोलून तिने दारातून पाच-सहा जणींना हाक मारली. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, अल्पभूधारक, मोबाइलवाल्या आणि कंबर धरून आलेल्या.

पोरीने एक स्टूल बनवून आणलं होतं. एकाच पायाचं, खाली चिखलात रुतू नये म्हणून रुंद चकती, आणि कमरेला बांधायचा पट्टा. रोवणारणीने वाकण्याऐवजी बसून रोवावं, अशी कल्पना. बांधीत सगळ्या ओळीने उभ्या होत्या. घोटाभर चिखल, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने दोन-तीन रोपं सोडवून बोटांनी मातीत खोचायची आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. ओळीतल्या सगळ्यांत जाणत्या बाईने पट्टा बांधला, बसली, हाताच्या टप्प्यातलं रोवलं. मग मागे सरकायला उठावं लागलं. चकतीने चिखल धरून ठेवला. तिने हिसका मारला, स्टूल सुटलं, पुन्हा बसली. तोवर शेजारणी दोन हात मागे गेल्या होत्या.

“बाई,” ती म्हणाली, “एका जागी बसून रोवाचं असतं तं आम्ही खाटेवरच नसतं का रोवलं?”

ओळीत हशा पिकला, पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते कुठल्या वर्गात सांगितलं नसेल. काम एकरावर ठरवून घेतलेलं. जेवढं लवकर उरकेल तेवढी पुढची बांधी मिळते. स्टुलाने कंबर वाचते आणि मजुरी बुडते. कंबर घरची आहे, मजुरी बाहेरून येते, तेव्हा काय वाचवायचं हे ठरलेलंच आहे. पोरगी बांधावर बसून भराभर लिहून घेत होती. त्या जाणत्या बाईंनी ते स्टूल मात्र परत दिलं नाही. हल्ली त्या आपल्या सांदवाडीत त्यावर बसून वांग्याची निंदणी करतात. कोरडी जमीन, ठरावीक जागा, मजुरीची घाई नाही. तिथे ते झकास चालतं. पट्टा तेवढा त्यांनी कापून शेळीला लावला आहे.

अशी परीक्षा सावलीला नवी नाही. एके काळी आमचं गाव खादीसाठी नावाजलेलं होतं. 1936 मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं तेव्हा गांधीजी स्वतः आले होते. त्याच्या आधी, 1929 मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचून पोरगी उडालीच. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या साध्या झोपडीत चालायला हवं. एखाद्या बाईने सलग आठ तास चालवलं तरी तिला फार श्रम पडता कामा नयेत. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. देशातच बनायला हवं. नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकावं, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. हे बक्षीस कोणालाच मिळालं नाही. “बाबा, इतकं नेमकं मला अजून कोणी मागितलेलं नाही,” पोरगी म्हणाली. मलाही ते पत्रक आवडलं. त्यात ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं कुठेच नव्हतं.

आणि आमच्या जिल्ह्यातला सगळ्यांत यशस्वी डिझायनर कोण, असं कोणी विचारलं तर मी पवईचं नाव घेणार नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंतची, जमीन तुटपुंजी. 1983 च्या सुमारास आपल्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या जपून ठेवल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. पोर्टफोलिओ नाही, टेस्ट नाही. पीक आलं की कोणता दाणा ठेवायचा आणि कोणता टाकायचा एवढंच. तयार झालेल्या धानाला त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. तांदूळ मात्र दुकानादुकानांत आहे आणि आमच्या ताटात रोज पडतो. 2018 मध्ये दादाजी गेले. त्यांच्या वाणाने इतरांना जेवढं दिलं, त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं त्यांना मिळालं नाही, आणि समोरच्या भाऊंचा नालीचा हिशेब इथे दुर्दैवाने बरोबर ठरतो.

पोरगी पुण्याला परतली. बटण बाजारात आलं आहे. टक् आवाज येतो. झाकणासाठी तिने आईच्या सगळ्या तक्रारी लिहून दुसऱ्या टीमला पाठवल्या आहेत, आणि ते प्रकरण विचाराधीन आहे. मूल ओलांडून चंद्रपूरकडे जाताना लागणाऱ्या चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात काही शिकता येईल का, याचीही चौकशी चालू आहे, कारण तिच्या मते प्लॅस्टिकचा साचा करण्यापेक्षा बुरडाचा हात समजून घेणं अवघड आहे.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असा कोणी ताजा डिझायनर असेल, तर त्याला कौतुकाने काही सजवायला देऊ नका. रोज ज्या वस्तूला तुम्ही शिव्या घालता ती त्याच्यापुढे ठेवा आणि शिव्या सविस्तर द्या. त्याच्या शिक्षणाचा उरलेला भाग त्यातच आहे. आणि काम करून झाल्यावर त्याने बिल दिलं, तर चहा पुढे करू नका. पैसे द्या.