बोट पांघरुणात, मालक बसमध्ये

ऐकलंत का? आमच्या मंडळाचे माजी खजिनदार, ज्यांनी वर्षानुवर्षं गणपतीच्या वर्गणीचा हिशेब पै न् पै मांडला, ते सध्या दर शनिवारी ॲनापोलिसला एका शिडाच्या बोटीच्या पोटाखाली आडवे पडलेले असतात. डिसेंबरात! मेरीलँडच्या थंडीत दात वाजतायत, घरी गराजचं दार केव्हाचं कुरकुरतंय, त्याला तेलाचा एक थेंब नाही. आणि तिकडे इंजिनाला गुलाबी औषध पाजणं चालू आहे.

उन्हाळ्यात चेसापीक उपसागराच्या वाऱ्यावर फिरून आलात, तर आमचं काही म्हणणं नाही. हौसेला मोल नसतं. पण बोट पाण्याबाहेर काढल्यावर ज्यांच्या प्रेमाला भरती येते, त्या माणसांना म्हणायचं तरी काय? आणि हे एकटेच नाहीत हो. दिवाळी उरकली की निम्मं मंडळ बोटींच्या यार्डात.

यार्डात एक चाकांची उंच लोखंडी चौकट असते. ती बोटीच्या पोटाखालून दोन रुंद पट्टे घालते आणि अख्खं धूड अलगद वर उचलते. तो सोहळा बघायला खजिनदार दिलेल्या वेळेच्या तासभर आधी हजर. वहिनी म्हणाल्या, ‘माझ्या बाळंतपणाला हे उशिरा पोचले होते, ते मी अजून विसरले नाहीये.’ मग बोटीच्या बुडाला चिकटलेली टणक कवचं पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढायची. शिडं उतरवायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि वाळवायची. कुठे? तर वहिनींच्या दिवाणखान्यात. सोफ्यावर शीड, पाहुणे जिन्यावर.

गुलाबी औषधाचं मी डोळ्यांनी पाहिलंय. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. ते इंजिनात राहून गेलं, तर लोखंडाला तडा जातो आणि वसंतात मालकाच्या काळजाला. म्हणून इंजिनाची पाणी ओढणारी नळी अँटीफ्रीझच्या बादलीत सोडायची, इंजिन सुरू करायचं आणि पलीकडे जाऊन एक्झॉस्टकडे टक लावून बसायचं. आधी साधं पाणी येतं. मग जरा फिकट. मग एकदम लख्ख गुलाबी! आणि ते आलं की चार पोक्त पुरुष टाळ्या वाजवतात. टाळ्या! मुलीच्या अरंगेत्रमला यांचे हात खिशातून निघाले नव्हते.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीला प्रॉपिलीन ग्लायकॉलवालंच घालायचं, गाडीत घालतात ते एथिलीन ग्लायकॉलवालं विषारी असतं, असं खजिनदारांनी मला पोह्यांची बशी हातात घेऊन बजावलं. मी का घालणार होते? पोह्यांत मीठ नव्हतं, ते मात्र त्यांच्या गावीही नाही.

पुढे पांघरूण. बोटीवर पांढरं प्लॅस्टिक टाकायचं आणि गॅसच्या ज्योतीने शेकत शेकत ढोलकीच्या पानासारखं ताणून घ्यायचं. यार्डाचं बिल फुटावर, म्हणजे बोट जितकी लांब तितका खड्डा खोल. बरं, एवढं करून वसंतात ते टराटरा कापून काढायचं! आपल्याकडे हर्णैला पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून शाकारतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा धंदा सुरू. तिथे पोटाचा प्रश्न आहे. झावळ्यांखाली डिह्युमिडिफायर लावून बसलेला तांडेल मी तरी पाहिला नाही. इकडे केबिनमधल्या गाद्या उभ्या करून ठेवतात, म्हणे हवा खेळली पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. सासूबाईंच्या गादीला त्या घरात अशी हवा कधी मिळाल्याचं ऐकिवात नाही. बॅटऱ्या घरी आणून चार्जिंगला लावल्यात, त्या वेगळ्याच.

आता खरी गंमत ऐका. यांच्या बोट क्लबची हिवाळी सहल निघाली. बसने! स्वतःच्या बोटी झाकून ठेवल्या आणि बे ब्रिजवरून सातेक किलोमीटर पाणी ओलांडून ही सगळी दर्यावर्दी मंडळी सेंट मायकल्सच्या सागरी संग्रहालयात गेली, दुसऱ्यांच्या बोटी बघायला. तिथे १८७९ सालचं हूपर स्ट्रेट दीपगृह आहे. लाकडी, षट्कोनी, समुद्रातून उचलून आणून जमिनीजवळ मांडलेलं. मी म्हटलं, वा, वर जाऊन जरा फोटो काढू. पण फोटो कोण काढतंय! सगळे जण ‘एडना लॉकवूड’ नावाच्या १८८९ सालच्या बोटीपाशी घोळका करून उभे. तिचं बूड पाइनचे नऊ ओंडके एकमेकांना जोडून कोरलेलं आहे. ते जुनं बूड काढून नवीन नऊ ओंडके बसवले आणि २०१८ साली ती पुन्हा पाण्यात सोडली. खजिनदार तिच्याकडे बघत होते, ती नजर मी वहिनींना सांगितलेली नाही.

जेवणाला कालवांचं दुधातलं स्ट्यू. मार्गशीर्षात! मी वाटी बाजूला सारली, तर शेजारच्या काकू म्हणतात, ‘गुरुवार थोडाच आहे आज?’ आणि माझीही वाटी संपवली. घरी यांच्या देव्हाऱ्यात महालक्ष्मीचा घट मांडलेला असतो बरं का.

ॲनापोलिस गावच तसं बोटवेडं आहे म्हणा. तिथे खाडीपलीकडे ईस्टपोर्ट नावाचा भाग आहे. १९९८ साली मधला पूल दुरुस्तीला बंद केला, तर तिथल्या लोकांनी थट्टेथट्टेत स्वतंत्र प्रजासत्ताकच जाहीर केलं! झेंडासुद्धा आहे. तेव्हापासून पानगळीच्या दिवसांत खाडीवरून सतराशे फुटांचा दोर टाकून दोन्ही तीरांची रस्सीखेच चालते. डिसेंबरात ईस्टपोर्टच्या यॉट क्लबची दिव्यांची मिरवणूक. बोटींवर डोलकाठीच्या टोकापर्यंत रोषणाई, वर गाणी, किनाऱ्यावर ही गर्दी. आमच्या मंडळाच्या दिवाळीला माणसं जमवायला मला जेवणाचा मेनू आधी फोडावा लागतो.

आणि ज्यांनी बोटी झाकल्याच नाहीत, त्यांच्याबद्दल तर बोलूच नका. ते ऐन थंडीत रविवार दुपारी शर्यती लावतात. या प्रकाराला फ्रॉस्टबाइटिंग म्हणतात आणि त्याची सुरुवात १९३२ च्या १ जानेवारीला लाँग आयलंडच्या मॅनहॅसेट उपसागरात झाली. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी भल्या घरची माणसं देवळात जातात. ही होडक्यात बसून कुडकुडत होती.

या सगळ्यावर कळस म्हणजे मार्चचं मोजेदहन. दिवस-रात्र समान झाले की हिवाळाभर पायात घातलेले मोजे जाहीरपणे शेकोटीत टाकायचे, वर कालवं भाजून खायची आणि पुढची थंडी येईपर्यंत अनवाणी पायांत बोटीवरचे बूट घालायचे. ईस्टपोर्टच्या एका यार्डातल्या मॅनेजरने ही टूम काढली आणि आता तो सण झालाय. वासाचं काय, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आमची होळी साधारण त्याच सुमाराला येते, हे खजिनदारांच्या लक्षात आलंय. मंडळाच्या होळीतच मोजे टाकावेत, म्हणजे लाकडाचा खर्च एकदाच होईल, असा ठराव त्यांनी कार्यकारिणीपुढे ठेवलाय. अध्यक्षीणबाई खवळल्यात. होळीत पुरणपोळी पडते, मोजे नाही, असं त्यांचं पत्र व्हॉट्सॲपवर फिरतंय. मी त्यांच्याच बाजूने आहे, बिनशर्त.

फक्त एवढंच की काल आमचे हे कपाटातून जुने लोकरीचे मोजे वेगळे काढताना दिसले. कशाला, विचारलं, तर म्हणाले, ‘असंच. आणि हो, शनिवारी मोकळी आहेस ना? खजिनदारांच्या शेजारची एक सव्वीस फुटी विकायची आहे. घ्यायची नाहीये गं, नुसतं प्लॅस्टिक वर करून बघून येऊ.’