आधी गच्चीवर चढवा, मग पदवी द्या

कॉटन ग्रीन स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला पाहा. बंदराच्या गोदामांची लांबच लांब छपरं उन्हात तापत पडलेली असतात. पश्चिमेला काळाचौकी, अभ्युदयनगरच्या चार मजली इमारतींच्या गच्च्या. सौर ऊर्जा शिकायला याहून चांगली प्रयोगशाळा मुंबईत कुठे मिळणार? तरीही शाश्वत ऊर्जेत एम.टेक. करणाऱ्या आपल्या किती तरी मुलांचे प्रबंध संगणकावर सुरू होतात आणि संगणकावरच संपतात. हे मला पटत नाही.

शिक्षणाची गरजेशी गाठ कशी मारायची, हे या शहराला चांगलं ठाऊक होतं. इथल्या गोदामांतला कापूस परळ-लालबागच्या गिरण्यांना लागायचा. गिरण्यांना जाणते कारागीर हवे होते, म्हणून १८८७ साली व्हीजेटीआय हे तंत्रशिक्षणाचं कॉलेज भायखळ्याला, गिरण्यांच्या दारातच निघालं. माटुंग्याला ते १९२३ मध्ये गेलं. १९१५ साली टाटांची जलविद्युत खोपोलीहून तारांवरून परळला आली आणि कोळशाच्या वाफेवर चालणारे गिरण्यांचे साचे विजेच्या मोटारींवर फिरू लागले. टाटांच्या या स्वच्छ विजेचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हाच गिरणगाव!

आज ज्ञानाची वानवा आहे म्हणावं, तर तीही नाही. प्रा. सुहास सुखात्मे यांचं सौर ऊर्जेवरचं पाठ्यपुस्तक १९८४ पासून देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवलं जातं. ते ज्या पवईच्या आयआयटीत शिकवत, तिथे २००७ मध्ये ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जैवइंधनावर मोठं काम चालतं. कॉटन ग्रीनहून माटुंगा किती लांब? पण तिथली मुलं इकडच्या गच्चीवर येत नाहीत, कारण अभ्यासक्रम त्यांना पाठवत नाही.

पाठवलं तर काय शिकतील? पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली की त्याच रांगेतल्या बाकीच्या पॅनेलांची वीजही घटते. शेजारच्या टॉवरची सावली दुपारी गच्चीवर कुठवर सरकते, हे डिसेंबरात वेगळं आणि मे महिन्यात वेगळं. बंदराची धूळ, खारा वारा, कबुतरांची घाण. तळमजल्याची मीटरखोली पावसात तुंबते, मग इन्व्हर्टर कुठे बसवायचा? एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतात, हे पुस्तकात असतं. मग लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे धरून सोसायटीचं बिल किती उतरेल? हे शेजारच्या आजोबांना मराठीत समजावून सांगता आलं, तर तो विद्यार्थी पास. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पण अर्ज, मोजमाप, नेट मीटर हे सगळं नीट करून देणारा माणूस सोसायटीला सापडायला हवा ना! तो माणूस आपण घडवतच नाही.

आता दुसरी बाजू. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला आलेल्या मुलाला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. हा आकडा दहा वर्षांहून जुना आहे. एवढ्या पैशात परळला कॉटबेसिसवर राहून, मेसचे पैसे भरून दाखवा. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असलेला हुशार मुलगा मग सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी धरतो, आणि मी त्याला दोष देणार नाही. दोष आपला आहे. हरित ऊर्जेच्या परिषदांना पैसा मिळतो आणि ती ऊर्जा शिकणाऱ्या पोराच्या जेवणाचा हिशेब कुणी मांडत नाही. हे विद्यावेतन निदान दुप्पट व्हायलाच हवं.

बाकीचं तर कमी पैशांत होईल. विद्यापीठांनी दोन वर्षांतलं एक सत्र खऱ्या इमारतीवर सक्तीचं करावं आणि त्या कामाला प्रबंधाइतकेच गुण द्यावेत. बंदर प्राधिकरणाने एखादं गोदाम अभ्यासासाठी मोकळं करावं. शहर भागाला वीज पुरवणाऱ्या बेस्टने नावं वगळून वापराची आकडेवारी या मुलांच्या हाती द्यावी. आणि काळाचौकीपासून घोडपदेवपर्यंतच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एकच विनंती. अशी मुलं वही आणि मोजपट्टी घेऊन दारात आली, तर त्यांना चहा पाजा आणि गच्चीची किल्ली द्या.