स्लो आहे नं राजेहो!

अकोल्याच्या जठारपेठेत सातव चौकाच्या आसपास संध्याकाळी चहाला उभं राहणाऱ्या कोणालाही हा माणूस ओळखून दाखवावा लागणार नाही. गल्लीगणिक तो एक तरी असतोच आणि गल्ली त्याला भाऊ म्हणते. शुक्रवारी आलेली मालिका शनिवारी सकाळी भाऊंची पाहून झालेली असते. "पायली का?" हा प्रश्न पुरा व्हायच्या आत निकाल हातात पडतो: "स्लो आहे नं राजेहो." २०१८ साली 'सेक्रेड गेम्स' स्लो होती, २०२० साली 'स्कॅम १९९२' स्लो होती, २०२५च्या जूनमध्ये 'पंचायत'चा चौथा सीझन आला तो तर लयच स्लो. आता निकालाशी भांडण्याआधी पुरावा तपासायला हवा. भाऊ मोबाइलवर सगळं दीडपट वेगानं पाहतात. नेटफ्लिक्सनं ही सोय २०२० साली दिली. त्याआधी नुसती चाचणी चालू होती तेव्हाच हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी आरडाओरडा केला होता, पण त्यांना जठारपेठेची गरज काय कळणार? चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये गाणं शिकणारा शरद रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकलनं जातो, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा, म्हणजे सुमित्रा भावे यांचा आवाज असतो आणि दिग्दर्शकानं ते प्रसंग मुद्दाम संथ गतीत ठेवले आहेत. दीडपटीत ती मोटारसायकल जवळजवळ आपल्या टिळक रोडच्या चालीनं धावायला लागते, विलंबित ख्याल घाईनं मध्यलयीत शिरतो, आणि एवढं करूनही भाऊंचं मत बदलत नाही.

यावरून भाऊंना रसिकता नाही असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि चूकही. माझं म्हणणं असं की 'स्लो आहे' हे मुळात त्या मालिकेबद्दलचं मत नाहीच. ती मत देणाऱ्याच्या परिस्थितीची साक्ष आहे. माणेक टॉकीजच्या काळात तिकिटाला पैसे मोजलेले असत, जागा मिळवायला धक्के खाल्लेले असत, म्हणून पडेल सिनेमासुद्धा लोक शेवटच्या पाटीपर्यंत बसून पाहत आणि बाहेर आल्यावर त्यात काहीतरी चांगलं शोधत. निदान गाणी तरी. 'गाणी बरी होती' हा त्या काळचा ठरलेला निकाल होता, आणि त्यामागे वाया गेलेल्या पैशांची समजूत काढणं असे. आता रिचार्जसोबत आलेल्या ढिगातल्या कुठल्याही एका वस्तूला वेगळी किंमत उरलेली नाही. नाकारायला काही खर्च पडत नाही, आणि जे फुकट नाकारता येतं त्याचं समर्थन कोण कशाला करील? भाऊ पहिली दहा मिनिटं बाजारात वांगं दाबून पाहावं तशी दाबून पाहतात, पण वांग्याला जो भाव विचारावा लागतो तो इथे विचारावा लागत नाही.

कोणी म्हणेल, दहा मिनिटांत निकाल देणं हा अन्याय आहे. असेल, पण मग नेटफ्लिक्सला काय म्हणाल? २०२०पासून काही काळ त्या कंपनीच्या हिशेबात किमान दोन मिनिटं पाहणारा माणूस हा प्रेक्षक धरला जात असे. कंपनीच्या मापानं भाऊ पाचपट कर्तव्यदक्ष ठरतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मालिका खरंच ताणलेल्या असतात. हे मान्यच करावं लागेल. दोन तासांची गोष्ट आठ भागांत पसरली की ग्राहक आठ संध्याकाळी अडकून राहतो, आणि महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या धंद्याला तेच हवं असतं. ताणलेल्या मालिकेवर भाऊंनी केलेला वार वर्मी बसतो यात शंका नाही. मात्र तोच वार ते पावणेदोन तासांच्या सिनेमावरही करतात, दिग्दर्शकाचं नाव येईपर्यंतच्या पाट्यांवरही करतात, म्हणून त्यांच्या नेमबाजीचं कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो.

हवामानाचाही विचार व्हायला हवा, तो पुण्यामुंबईचे समीक्षक करत नाहीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की घरातला कूलर दिवसभर घरघरत असतो, आणि त्या घरघरीत नट काय बोलतो हे वाचून समजून घ्यावं लागतं. दीडपटीत पळणाऱ्या इंग्रजी ओळी, वर कूलर, खाली घाम. अशा स्थितीत "डायलॉगमध्ये दम नाही" हे मत उन्हाळी आहे की वाङ्मयीन, हे ठरवायला मृगाची वाट पाहावी लागेल.

पण एका जागी भाऊंचं बोट आपोआप थांबतं, वेग मूळ पदावर येतो, प्रसंग मागे नेऊन पुन्हा ऐकला जातो. ती जागा म्हणजे पडद्यावर कोणी आपल्याकडचं बोलायला लागतं ती. 'झुंड'मधल्या नागपूरच्या पोरांची भाषा भाऊंनी कान देऊन ऐकली आणि नागपूरची म्हणून पास केली. आपली मात्र म्हटली नाही. १९७०च्या दशकातल्या हत्याकांडावरची 'मानवत मर्डर्स' २०२४ साली आली तेव्हा खून कोणी केले यापेक्षा परभणीकडचा माणूस असा बोलतो का, यावरच त्यांचा तपास जास्त चालला. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंचं बोलणं हा त्यांचा मापदंड. बाकीच्यांना परीक्षा द्यावी लागते. मले-तुले कोणीही म्हणतं, भाऊ सांगतात. 'ळ' कुठे गेला ते पाहा. शाळेची 'शाया' झाली का, डोळ्याचा 'डोया' झाला का, 'जातो आहे'च्या जागी 'जाऊन रायलो' आलं का? बहुतेक वेळा नट 'ले' लावून मोकळा झालेला असतो. ही समीक्षा नव्हे, नुसतं चुका काढणं आहे, असं कोणी म्हणालं तर मला ते पटणार नाही. पटकथा, छायाचित्रण, 'वर्ल्ड बिल्डिंग' यांबद्दलची भाऊंची मतं व्हिडिओवाल्यांकडून उसनी आणलेली असतात. हे एक मत मात्र त्यांच्या स्वतःच्या कानातून आलेलं आहे, आणि अंधेरीत बसून लिहिणाऱ्या एकाही लेखकाला ते त्यांच्याइतकं अचूक देता येणार नाही.

'पंचायत'चं फुलेरा गोष्टीत उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यात आहे. चित्रीकरण झालं मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावी. नकाशावर हे गाव बलियापेक्षा अकोल्याला कितीतरी जवळ, सातपुडा ओलांडून सरळ उत्तरेला. भाऊंना त्याचं काही वाटलं नाही, कारण बलियाची भोजपुरी त्यांच्या कानाची नाही. तिकडे बलियातही एखादे भाऊ असणारच, गावकऱ्यांची सफाईदार हिंदी ऐकून मान हलवणारे. आमच्या भाऊंना फुलेरा आवडलं (स्लो असूनही) ते त्या गावात ग्रामसचिव, प्रधान, लौकी आणि फुकटचे सल्ले होते म्हणून, आणि हे सगळं अकोल्याच्या पंचक्रोशीतही भरपूर असताना कॅमेरा इकडे कधी वळत नाही म्हणून. वळला तरी वऱ्हाडी माणसाला भूमिका ठरलेली असते: पहारेकरी, हवालदार, नाहीतर नायकाचा खुळा मित्र. तीन वाक्यं बोलायची, चौथ्याला लोकांनी हसायचं. भाऊ त्यावर चिडतात. मग तेच दृश्य मिनिट-सेकंदासकट घरच्या ग्रुपवर टाकतात, पुण्यात नोकरीला असलेल्या पोराला वेगळं पाठवतात, आणि खाली लिहितात, "डोया नाई म्हनला त्यानं, पन पाय."