डोंगर पाहिजे, हिरवा

"ताई, कढीपत्ता आहे का वो?" असा आवाज कंपाउंडच्या पलीकडून आला की मी आधी गॅस बंद करते. काकूंच्या कढीपत्त्याला अर्धा तास लागतो. त्यांच्याच दारात कढीपत्त्याचं झाड आहे, हा भाग वेगळा.

"धाकट्याची सुपारी फुटली, सांगितलं ना तुम्हाला? पोरगी परतूरची. तुळशीचं लग्न झालं की पहिली तारीख धरली. सगळं सुरळीत चालू होतं. तर पोरानं काढलं, प्री-वेडिंग करायचं. अन् कुठं, तर डोंगरात!"

"जाऊ द्या की मग."

"जाऊ द्या काय? आपल्याकडं डोंगर आहे कुठं? जालना म्हणजे परात. एका टोकाला कापूस ठेवला तर दुसऱ्या टोकावरून दिसतो."

मी म्हटलं, "असं कसं? भोकरदन-जाफराबादच्या वरच्या अंगाला अजिंठ्याची रांग आहे की."

"म्हणलं ना मी! तर म्हणतो, मम्मी, तिथं मामाचं गाव जवळ. आपण पोज देऊ अन् निम्मा तालुका बांधावर बसून बघंल."

पोराचंही खोटं नाही.

महाबळेश्वरचं नाव निघालं तेव्हा काकांनी हिशोबाची वही काढली. गाडी, मुक्काम, फोटोवाला, त्याचा हाताखालचा पोरगा, भाड्याचा गाऊन. वही मिटली तसं महाबळेश्वरही मिटलं. मग ठरलं म्हैसमाळ. संभाजीनगर ओलांडून, खुलताबादवरून वर. उंची हजार मीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या मानानं हिमालयच.

"रविवारी गेले. पोरीच्या घरच्यांनी सोबत करवली धाडली, चुलतबहीण. तिनं दिवसभर मक्याची कणसं खाल्ली, दुसरं काही केलं नाही. वर धुकं एवढं की नवरदेव दिसंना. फोटोवाला म्हणे, लई भारी, सिनेमावाणी. मी फोटो पाहिले ताई. पांढऱ्यात पांढरा गाऊन. एक हात तेवढा दिसू राहिला, तोही करवलीचा निघाला. कणीस होतं हातात."

मला हसू आवरेना. काकू मात्र गंभीर होत्या, कारण गाऊनचं भाडं दिवसावर होतं.

धुक्यात जायची घाई का, तेही समजून घेतलं पाहिजे. आपले डोंगर काळ्या पाषाणाचे, वर मातीचा पातळ थर. आषाढात हिरवे होतात, दसऱ्यापर्यंत टिकतात, नंतर गवत पिवळं पडतं आणि होळीला नुसता दगड उरतो. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नाहीत. मुहूर्त निघतात तेव्हा डोंगर वाळायला लागलेला असतो. म्हणून फोटोतलं लग्न श्रावण-भाद्रपदात उरकायचं आणि खरं लग्न मार्गशीर्षात. मला तर ही युक्ती पंचांग करणाऱ्यांच्याही वरची वाटते.

"मग अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट काढला," काकू म्हणाल्या. "वरून नाल दिसते म्हणे घोड्याची."

"वाघूर नदीनं कोरलेली दरी आहे ती, नालेच्याच आकाराची. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता, त्याला तिथून लेणी दिसली."

"त्याला कुणी परवानगी विचारली होती का? आमच्या फोटोवाल्यानं आधीच सांगून टाकलं. लेण्यांच्या आवारात असलं शूटिंग करायचं तर पुरातत्त्व खात्याचा कागद लागतो, ड्रोनचा वेगळा. हे म्हणले, लग्नाच्या पत्रिकेआधी अर्जच छापावा लागंल."

गौताळ्याचं नावही निघालं होतं, पण अभयारण्य म्हटल्यावर तिथं वनखातं. त्यात काकूंच्या जावेनं बातमी आणली, की अमक्या समाजाच्या बैठकीत प्री-वेडिंग बंद असा ठरावच झाला. काकू दोन दिवस गप्प होत्या. दोन दिवस कढीपत्ताही मागितला नाही.

शेवटी तोड काढली ती होणाऱ्या सुनेनं. म्हणाली, अंबडला जाऊ, मत्स्योदरीच्या डोंगरावर.

"मी म्हणलं, मायबाई, तो का डोंगर आहे? ती देवी आहे! मी तिथं ओटी भरायला जाते. इतक्या वेळा पायऱ्या चढले, पण तो डोंगर आहे हे ध्यानातच आलं नाही कधी."

खरं आहे. टेकडी माशासारखी, म्हणून मत्स्योदरी. पण आपण तिच्याकडं बघतो ते गुडघ्यांच्या हिशोबानं.

"अट घातली मी. पायऱ्यांवर गाऊन चालणार नाही. आधी ओटी, मग फोटो. अन् जायचं ते नवरात्राच्या आधी, एकदा यात्रा भरली की पाय ठेवायला जागा नसती. पैठणी नेसून गेली पोरगी. सकाळी सातला वर. देवीच्या आवारात एकही फोटो काढला नाही, बाजूच्या उतारावर काढले. मागं सगळं रान हिरवं, मोसंबीच्या बागा, कपाशी. वाऱ्यानं पदर असा उडाला की विचारू नका. घरापासून पाऊण तास, ताई!"

काकूंनी पदर डोक्यावरून सारखा केला आणि भिंतीवर कोपर टेकलं. म्हणजे मूळ कढीपत्ता आता येणार.

"आमचाही आहे की डोंगरातला फोटो. जालना जिल्हा झाला १९८१ ला, त्याच्या पुढच्या वर्षी आमचा साखरपुडा. ह्यांनी स्टुडिओत नेलं. मागं पडदा. बर्फाचे डोंगर, खाली तळं, तळ्यात हंस. बाहेर चाळीस डिग्री, अन् आम्ही बर्फात! पडदा आखूड होता, म्हणून शिखराच्या वर लाइटचं बटण आलंय. ह्यांचा डावा बूट तळ्याच्या बाहेर, फरशीवर."

"सुनेला दाखवला का?"

"तेच तर सांगू राहिले. अंबडचे सगळे फोटो बाजूला ठेवले तिनं अन् हाच धरून बसली. म्हणती, आई, असा पडदा कुठं मिळंल? पोरगा सकाळपासून जुन्या जालन्यात स्टुडिओ शोधू राहिला." त्यांनी हात पुढं केला. "द्या आता कढीपत्ता. आमच्या झाडाला कीड लागली."