ठाकुर्लीचा ससा आणि मुरबाडचे मामा

अहो, ऐकलंत का? ठाकुर्लीच्या वहिनींकडे रविवारी काय झालं ते? जरा इकडे भिंतीजवळ या. समोरची कपडे वाळत घालतेय, पण तिचे कान आपल्याकडेच असतात...

तर त्यांच्या धाकटीचा तो पांढरा ससा. लाल डोळ्यांचा, क्रॉफर्ड मार्केटातून आणलेला. पोरगी त्याला हातावर उताणा झोपवून घरभर मिरवते, वाढदिवसाला टोपी काय, रील काय! आणि नेमके रविवारी आले मुरबाडचे मामा. त्यांचं सशांचं शेड आहे ना, न्यूझीलंड व्हाइटचं. कशासाठी ते सगळ्यांना माहीत, पण वहिनींच्या घरात 'मटण' हा शब्द कोणी काढत नाही हो!

मामांनी आल्या आल्या मानेमागची सैल कातडी धरली, दुसरा हात बुडाखाली घातला आणि उचलला की ससा! पोरगी किंचाळली, "मामाआजोबा, ती काय कोथिंबिरीची जुडी आहे?" वहिनींच्या हातात पोह्यांची डिश तशीच.

मामा आपले शांत. म्हणाले, "मागच्या पायांना आधार नसला की लाथ झाडतो, आणि त्या झटक्यात स्वतःचाच कणा मोडून घेतो. तू उताणा धरतेस तेव्हा गप्प पडतो ना? ते लाडानं नाही गं, भीतीनं." बघा, खाण्यासाठी वाढवणारा माणूस हे सांगतोय! पोरीचं तोंड एवढंसं झालं. वर गाजर-बिस्किटांवरही टाच. सशाचे दात जन्मभर वाढतात म्हणे, सुकं गवत चावतच राहायला हवं, नाहीतर... जाऊ दे, आपल्या दातांचंच काय कमी आहे!

तर काय सांगत होते... हां, पोरगीही काही कमी नाही. "आमच्या डॉक्टर मान धरू देत नाहीत. एक हात छातीखाली, एक मागे, आणि अंगाशी घ्यायचं. आणि तुमच्या शेडमधल्या जाळीवर त्यांचे तळपाय सोलतात, त्याचं काय? बसायला फळी टाकता का?" अहो, मामांचा कप बशीत असा वाजला! "टाकतो... काही पिंजऱ्यांत," म्हणे. काही!

तेवढ्यात थोरलीच्या नवऱ्याला अवदसा आठवली. "मामा, माळशेजकडचा रानससा मिळेल का हो एखादा?" मामा असे भडकले! "त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पकडलास तर आत जाशील. आणि त्याची जातच वेगळी, त्याची पिल्लं अंगावर केस नि उघडे डोळे घेऊन जन्मतात. माझी जन्मतात उघडी, आंधळी." जावयानं जे मोबाइलमध्ये डोकं घातलं, ते मामा निघेपर्यंत वर काढलं नाही.

मला विचाराल तर लाड करणाऱ्या पोरीपेक्षा मामांचा हात सवयीचा, पण फळीच्या बाबतीत पोरगीच खरी. कान धरून मात्र दोघंही उचलत नाहीत हं, ते फक्त सिनेमातल्या जादूगारांनी करावं.

तुमच्या नातवालाही ससा हवाय ना? मग जोडी घेताना नर-मादी डॉक्टरांकडून बघून घ्या. दुकानदार दोन्ही माद्याच म्हणून देतो, आणि महिन्याभरात घरात पिल्लं!