कांदा आणा, कांदा!

संध्याकाळी सातच्या गर्दीत मालाड स्टेशनच्या फलाटावर कुणाला फिट येऊ दे. अर्ध्या मिनिटात उभ्या उभ्या वैद्यकीय मंडळ बसतं. एक जण हातपाय दाबून धरतो, दुसरा मुठीत घराच्या किल्ल्या कोंबतो, तिसरा दातांत घालायला चमचा शोधतो आणि मागून ठरलेली आरोळी येते, "कांदा आणा, कांदा!" कांदा नसला तर चप्पल. ती चामड्याचीच हवी, असं बजावणारा तज्ज्ञही तिथे हजर असतोच. दिवसभर मुंबई तुडवून आलेली वहाण बेशुद्ध माणसाच्या नाकाला लागते. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, तसा हाही थांबतो. श्रेय चप्पल घेते.

तेव्हा नाकावाटे उपचार होतो यावर आपला विश्वास नाही, असं कुणी म्हणू नये. विश्वास उदंड आहे. औषध सोडून बाकी सगळं आपण नाकाला लावतो एवढंच. आजोबांच्या पिढीने चिमटीचिमटीने तपकीर ओढली. (युरोपच्या दरबारांत तीही डोकेदुखीवरचा इलाज म्हणूनच शिरली. ती तिथे नेणाऱ्या ज्याँ निको या फ्रेंच राजदूताचं नाव निकोटिनला चिकटलं ते कायमचं.) आमच्या पिढीने तपकीर सोडली आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब धरले. ते चार-पाच दिवसांपुरते असतात. त्यापुढे घेत राहिलं की असर उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा थेंब, म्हणून पुन्हा चोंदणं. लिंक रोडच्या धुळीला शिव्या घालत वर्षानुवर्षं उशाखाली ती बाटली ठेवणारे मालाडकर तुमच्याही ओळखीचे असतील. आपल्याला व्यसन आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

मालाडचं नाक तसं कसलेलं. माइंडस्पेसचे काचेचे टॉवर जुन्या डम्पिंग ग्राउंडच्या जागेवर उभे राहिले. खालच्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूंनी कॉम्प्युटर आणि एसी बिघडतात, अशा तक्रारी तिथल्या कंपन्यांनी केल्या होत्या. यंत्रांनी हात टेकले. माणसांची नाकं मात्र रात्रपाळीला येतच राहिली.

आता लशीचं ऐका. सुईशिवाय, नाकात चार-चार थेंब टाकून देता येणारी भारत बायोटेकची करोनावरची इन्कोव्हॅक 26 जानेवारी 2023 रोजी वाजतगाजत बाजारात आली. खासगी रुग्णालयांसाठी तिची किंमत 800 रुपये, वर कर. कल्पना चोख होती. दंडातल्या सुईने रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, पण विषाणू येतो नाकातून, म्हणून पहारा तिथल्या ओल्या अस्तरातच बसवायचा. महापालिकेने 28 एप्रिल 2023 पासून साठीपुढच्या नागरिकांना ती फुकट द्यायला सुरुवात केली, प्रत्येक विभागात एक अशी 24 केंद्रं. 5 मे रोजी, म्हणजे बरोबर आठवड्याने, जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. 2021 मध्ये लशीसाठी गोरेगावच्या नेस्कोसमोर रांगा लावणारी तीच मंडळी आता म्हणाली, "आता कशाला?"

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्याला तोंडाला रुमाल बांधायला लावला. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची नेसोव्हॅक आणली ती जुलै 2010 मध्ये, आणि 10 ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने ती साथ संपल्याचं सांगून टाकलं. नाकाची लस आली की साथ संपते, असा निष्कर्ष कुणी काढला तर त्याला अडवायचं कसं? बरं, इन्कोव्हॅकच्या चाचण्यांत मोजली गेली ती प्रतिकारशक्ती. लागण आणि प्रसार खरोखर किती रोखला जातो, याची परीक्षा त्यात नव्हती. म्हणजे पहारेकरी नेमला, चोर मात्र आलाच नाही. नाकावाटे लस देण्याचा विचार चुकीचा नाही, पण पुढच्या साथीच्या आधी तो पुरता तपासून ठेवायला हवा. साथ ओसरल्यावर फीत कापून काय मिळतं?

पण माझा खरा राग त्या कांद्यावर आहे. कारण फिट आलेल्या माणसाच्या नाकात घालायची खरीखुरी गोष्ट अस्तित्वात आहे. तिचं नाव मिडाझोलाम. छोटी बाटली, डॉक्टरांनी ठरवून दिलेले फवारे. नाकाच्या आत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे पोट आणि लिव्हरचा टोलनाका चुकवून औषध थेट रक्तात जातं आणि काही मिनिटांत लांबलेला झटका आवरू शकतं. दातखीळ बसलेल्या मुलाला गोळी गिळता येत नाही. हातपाय झाडणाऱ्याला शीर शोधून इंजेक्शन देणं चांगल्या नर्सलाही जड जातं, मग रात्री दोन वाजता मालवणीतल्या चाळीत आईने काय करायचं? स्प्रे तिला मारता येतो. तरीही कांद्याचा प्रयोग अख्ख्या फलाटाला पाठ आणि हे नाव घरात रुग्ण असलेल्यांनाही अनेकदा माहीत नाही. दोष एकट्या गर्दीचा नाही. पाच मिनिटांच्या तपासणीत चिठ्ठी लिहिली जाते, स्प्रे कसा मारायचा हे दाखवायचं राहून जातं.

तेव्हा घरात कुणाला फिट येत असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्वतःहून विचारा: हा स्प्रे आम्ही जवळ ठेवायचा का, झटका किती लांबला की मारायचा, किती फवारे? झोप येते, क्वचित श्वास मंदावतो, म्हणून मनानेच आणू नका. मुलाच्या वर्गशिक्षिकेलाही दाखवून ठेवा. आणि फलाटावर कुणी पडलेलं दिसलं तर धरून दाबू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर 108 लावा.